हुक लावला होता, तरी कमिट निसटला कसा?

सीआय, म्हणजे सर्व्हरवर आपोआप चालणारी तपासणी, लाल दिसतं. लॉग उघडावा तर एका फाइलीत न वापरलेला इम्पोर्ट राहून गेलाय, एवढंच. प्री-कमिट हुकने, म्हणजे `गिट कमिट` दिल्यावर कमिट होण्याआधी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टने, जागीच अडवायला हवं होतं, नेमकं तेच. मग टीमच्या चॅटवर ठरलेला प्रश्न पडतो: "नो-व्हेरिफाय कोणी मारलं?"

विचारून हाती काही लागत नाही. `--नो-व्हेरिफाय` हा हुक टाळण्याचा पर्याय वापरल्याची कसलीही नोंद गिट कमिटमध्ये ठेवत नाही. हुक चालून झालेला कमिट आणि हुक टाळून झालेला कमिट यांत आतून काडीचाही फरक नसतो. शिवाय कोणी काहीच टाळलेलं नसताना गिट आपणहून हुक न चालवता पुढे जातं, अशाही बऱ्याच वाटा आहेत. म्हणून माणूस शोधण्याआधी वाट शोधा. इथे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत टाका.

आधी हे ठरवा: हुकला हाक तरी गेली का?

तपासणी निसटते तेव्हा तीनपैकी एक गोष्ट घडलेली असते. गिटने हुक चालवलाच नाही. किंवा चालवला, पण त्याच्या हाती तपासायला काही आलंच नाही. किंवा त्याला चूक सापडली, पण ती बातमी गिटपर्यंत पोचली नाही. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे कॉन्फिग फाइल उघडून नियम बदलत बसण्याआधी हा निकाल लावून घ्या:

`गिट_ट्रेस=१ गिट कमिट --अलाऊ-एम्प्टी -एम "चाचणी"`

बाहेर पडणाऱ्या ओळींत `रन_कमांड` असं लिहिलेलं आणि पुढे प्री-कमिट फाइलीचा पत्ता दिसला तर हाक गेली. दिसला नाही तर गेली नाही. काम झालं की तो रिकामा कमिट `गिट रिसेट --सॉफ्ट हेड~१` ने काढून टाका. गिट २.३६ किंवा त्यापुढचं असेल तर `गिट हुक रन प्री-कमिट` लिहून कमिट न करताही हुक चालवून बघता येतो.

हाक गेली नसेल, तर गिट बघतंय कुठे ते बघा

"आपल्या रेपोत हुक आहे" असं आपण सर्रास म्हणतो. रेपोत असते ती हुकची कॉन्फिग. खरा हुक `.गिट/हुक्स` या फोल्डरात राहतो आणि ते फोल्डर क्लोनबरोबर कधीच येत नाही. यामागे सुरक्षेचं साधं कारण आहे: हुक क्लोनबरोबर आले असते, तर कुणा अनोळखी माणसाचा रेपो उतरवून पहिला कमिट करताच त्याचा कोड तुमच्या मशीनवर चालला असता. म्हणजे प्रत्येक नव्या लॅपटॉपवर, प्रत्येक नव्या क्लोनमध्ये हुक पुन्हा बसवावा लागतो. हुक बसवायला प्री-कमिट याच नावाचं पायथनमधलं टूल असेल तर `प्री-कमिट इन्स्टॉल`, जावास्क्रिप्टवाल्यांचं हस्की असेल तर `एनपीएम इन्स्टॉल` च्या वेळी चालणारी प्रिपेअर स्क्रिप्ट. कोणी `--इग्नोर-स्क्रिप्ट्स` लावून इन्स्टॉल केलं, तर हस्की बसतच नाही आणि तक्रारही करत नाही.

गिट नक्की कुठल्या फोल्डरात हुक शोधतंय हे त्यालाच विचारा:

`गिट रेव्ह-पार्स --गिट-पाथ हुक्स`

उत्तर `.गिट/हुक्स` सोडून दुसरंच काही आलं, तर `कोअर.हुक्सपाथ` ही सेटिंग लागलेली आहे. ती गिट २.९ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे. ती कुठून आली हे `गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट-ऑल कोअर.हुक्सपाथ` सांगतं. इथे दोन उलटसुलट प्रकार होतात. कंपनीच्या आयटी विभागाने लॅपटॉपवर ग्लोबल हुक्सपाथ लावलेला असतो, पासवर्ड-टोकन शोधण्यासाठी वगैरे. मग रेपोच्या `.गिट/हुक्स` मधलं काहीही चालत नाही. प्री-कमिट टूल अशा वेळी निदान बसायलाच नकार देतं आणि तसं सांगतं. दुसरा प्रकार याच्या उलट: हस्की पाचव्या आवृत्तीपासून रेपोपुरता हुक्सपाथ लावतो, लोकल सेटिंग ग्लोबलवर मात करते, आणि आयटीचा टोकन शोधणारा हुक त्या रेपोत गुपचूप बंद पडतो. याची आयटीला कल्पना नसते आणि डेव्हलपरलाही नसते.

हुक्सपाथ सापेक्ष लिहिलेला असेल तर आणखी एक गोम आहे. तो पत्ता वर्किंग फोल्डरपासून मोजला जातो. समजा `गिट वर्कट्री ॲड` करून त्याच रेपोचं नवं फोल्डर उघडलं. हस्कीचं `.हस्की/_` हे फोल्डर इन्स्टॉलच्या वेळी तयार होतं, गिटमध्ये जात नाही. त्यामुळे नव्या वर्कट्रीत ते नसतं. फोल्डर नाही म्हणजे हुक नाही, आणि हुक नसणं ही गिटच्या लेखी चूक नव्हे. हुकची फाइल रेपोत ठेवून हुक्सपाथ तिकडे वळवला असेल, तर ती फाइल येण्याआधीच्या जुन्या ब्रँचवर गेल्यावरही हेच होतं. एकाच मशीनवर एका ब्रँचवर तपासणी होते आणि दुसरीवर होत नाही, असं कोणी सांगितलं तर आधी इथेच बघा. प्री-कमिट टूल या बाबतीत कडक आहे, कॉन्फिग फाइल सापडली नाही तर ते कमिट अडवतं.

फोल्डर बरोबर असेल तर फाइल बघा. नाव नेमकं `प्री-कमिट` हवं, शेवटी `.एसएच` नको आणि `.सॅम्पल` तर नकोच. लिनक्स आणि मॅकवर फाइल एक्झिक्यूटेबल नसेल तर गिट हुक सोडून देतं. २.१५ पासून तसा इशाराही छापतं, पण आयडीईतून कमिट केला तर तो इशारा कोणाच्या नजरेला पडणार? रेपोत ठेवलेला हुक विंडोजवरून कोणी ॲड केला असेल तर हा एक्झिक्यूटेबल बिट बहुतेक वेळा राहूनच गेलेला असतो; `गिट अपडेट-इंडेक्स --सीएचमॉड=+एक्स` आणि पुढे फाइलीचं नाव असं लिहून तो एकदाच बसवून टाका.

कोणत्या कमांडने कोणता हुक चालतो

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. प्री-कमिट हा हुक "कमिट तयार होताना" चालतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो `गिट कमिट` या कमांडचा हुक आहे. कमिट इतर मार्गांनीही तयार होतात.

मर्ज घ्या. दोन ब्रँच भांडण न होता जुळल्या आणि गिटने स्वतः मर्ज कमिट केला, तर प्री-कमिट चालत नाही. चालतो तो `प्री-मर्ज-कमिट`, जो गिट २.२४ मध्ये, २०१९ साली आला. कॉन्फ्लिक्ट झाला, तुम्ही तो सोडवून `गिट कमिट` केला, की मात्र नेहमीचा प्री-कमिट चालतो. फास्ट-फॉरवर्ड झालं तर नवा कमिटच होत नाही, त्यामुळे दोन्ही नाहीत. दोन्ही ब्रँच आपापल्या जागी स्वच्छ असूनही मर्जनंतर कोड मोडू शकतो: एकीने फंक्शनचं नाव बदललं, दुसरीने जुन्या नावाने नवी हाक मारली. लिंटच्या, म्हणजे कोडमधल्या चुका शोधणाऱ्या टूलच्या, नजरेतून हा मर्ज निसटतो तो असा. उपाय सोपा आहे, `प्री-मर्ज-कमिट` मधून प्री-कमिटलाच हाक मारा. गिटबरोबर येणारी नमुन्याची फाइल नेमकं एवढंच करते.

रिबेस आणि चेरी-पिक सरळ पार पडले तर जुने कमिट नव्याने लिहिले जातात आणि त्यांवर प्री-कमिट चालत नाही. वीस कमिटची ब्रँच मेनवर रिबेस केली की वीस नवे कमिट जन्माला येतात, एकही न तपासता. प्रत्येक कमिट तपासून हवा असेल तर:

`गिट रिबेस -एक्स "एनपीएम रन लिंट" मेन`

दर कमिटनंतर ती कमांड चालते आणि जिथे अपयश येईल तिथे रिबेस थांबतो. एवढा सोस नसेल तर प्री-पुश हुकमध्ये तपासणी ठेवा. कमिट कुठल्याही वाटेने आलेला असो, पुशच्या वेळी सापडतो.

आता हे `--नो-व्हेरिफाय` प्रकरण. `गिट कमिट` ला ते लावलं की प्री-कमिट आणि कमिट-एमएसजी हे दोन्ही हुक टळतात, पण मेसेजचा मसुदा तयार करणारा `प्रिपेअर-कमिट-एमएसजी` टळत नाही. म्हणून नो-व्हेरिफाय मारूनही मेसेजमध्ये तिकीट नंबर आपोआप आलेला दिसतो आणि लोकांना वाटतं हुक तर चालला. त्याचं छोटं रूप `-एन`, पण फक्त कमिटसाठी. `गिट पुश -एन` म्हणजे नुसती रंगीत तालीम: काहीही पुश होत नाही, आउटपुट मात्र पुश झाल्यासारखं दिसतं. `गिट मर्ज -एन` चा अर्थ तिसराच, शेवटची बदलांची आकडेवारी दाखवू नको. घाईत हात सवयीने `-एन` टाइप करतो तेव्हा हे आठवत नाही, म्हणून टाळायचंच असेल तर पूर्ण शब्द लिहा.

गिटचे उपनामही एकदा चाळा: `गिट कॉन्फिग --गेट-रेजेक्स्प एलियास`. "पटकन कमिट" साठी कोणीतरी कधीकाळी बनवलेल्या उपनामात `-एन` दडलेला असतो, आणि ती डॉटफाइल पुढे टीमभर फिरलेली असते. कोड लिहिणारे एआय एजंट वापरत असाल तर त्यांनी चालवलेल्या कमांडही वाचा; हुकने अडवलं की नो-व्हेरिफाय लावून पुढे जाण्याची युक्ती त्यांनाही माहीत आहे.

टर्मिनल सोडून दुसरीकडून आलेले कमिट

गिटहब किंवा गिटलॅबच्या वेबपानावर फाइल दुरुस्त करून कमिट केला, रिव्ह्यूमधली सूचना बटण दाबून स्वीकारली, मर्ज बटण दाबलं, तर हे सगळे कमिट सर्व्हरवर होतात. तुमच्या लॅपटॉपवरचा हुक त्यांना माहीतही नाही. "रीडमीतली एक ओळ तर बदलली" म्हणून केलेला कमिट बहुधा याच जातीचा.

व्हीएस कोड मशीनवरचं खरं गिटच चालवतो, त्यामुळे हुक चालतात. जेटब्रेन्सच्या आयडीईत कमिटच्या पर्यायांमध्ये गिट हुक चालवण्याचा चेकबॉक्स असतो. कोणी एकदा काढला की विसरला. लिबगिट२ या लायब्ररीवर उभं असलेलं टूल मात्र हुक आपोआप चालवत नाही, टूल बनवणाऱ्याने वेगळी सोय केली तरच. मॅकवर डॉकमधून उघडलेल्या जीयूआयची आणखी एक कटकट: त्याला तुमच्या शेलचा पाथ मिळत नाही, एनव्हीएम या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलने बसवलेला नोड त्याला दिसत नाही. हुक नीट लिहिलेला असेल तर कमिट फसतो आणि तुम्हाला कळतं. पण बऱ्याच हातलिखित हुकांत "टूल सापडलं नाही तर `एक्झिट ०`" अशी दयाळू ओळ असते. ती ओळ काढा.

गिटऐवजी जुजुत्सु, म्हणजे `जेजे` हे टूल, वापरणाऱ्यांसाठी वेगळा मुद्दा. ते गिटच्याच रेपोवर चालतं, पण गिटचे हुक चालवत नाही. त्यात वर्किंग फोल्डरातला बदल जवळजवळ प्रत्येक कमांडसरशी आपोआप कमिटमध्ये जातो, त्यामुळे "कमिट करण्याआधी" असा ठळक क्षणच उरत नाही. फॉर्मॅटिंगसाठी त्यात `जेजे फिक्स` आहे. बाकी तपासण्या पुश करण्याआधी हाताने किंवा सीआयवर. टीममधल्या एकाने हौसेने जेजे घेतलं असेल तर त्याचे कमिट न तपासता येणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

हुक चालला, पण त्याने बघितलं काय?

इथून पुढे गोष्ट अधिक कुटिल होते, कारण स्क्रीनवर सगळं हिरवं दिसतं.

प्री-कमिट टूलच्या आउटपुटमध्ये एखाद्या तपासणीपुढे "स्किप्ड" लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की स्टेज केलेली एकही फाइल त्या तपासणीच्या पॅटर्नमध्ये बसली नाही. पॅटर्न `एसआरसी` फोल्डरपुरता लिहिला होता आणि सहा महिन्यांपूर्वी कोड `पॅकेजेस` मध्ये हलवला, असं असू शकतं. `स्किप` हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट असलं तरीही तेच दिसतं. हस्कीत `हस्की=०` आणि लेफ्टहुक या तशाच टूलमध्ये `लेफ्टहुक=०` सगळंच बंद करतात; शेलच्या प्रोफाइल फाइलीत असं काही राहिलंय का ते `एन्व्ह` कमांडने बघून घ्या. शिवाय `प्री-कमिट इन्स्टॉल` डिफॉल्टने फक्त प्री-कमिट हुकच बसवतं. कमिट मेसेजची तपासणी कॉन्फिगमध्ये लिहिली असली, तरी `--हुक-टाइप कमिट-एमएसजी` देऊन ती वेगळी बसवल्याशिवाय चालत नाही.

हातलिखित हुकांत फाइलींची यादी बहुधा अशी काढलेली असते:

`गिट डिफ --कॅश्ड --नेम-ओन्ली --डिफ-फिल्टर=एसीएम | ग्रेप '\.जेएस$'`

यात दोन भोकं आहेत. पहिलं फिल्टरमध्ये: ॲडेड, कॉपीड, मॉडिफाइड ही तीन अक्षरं आहेत, रीनेम्डचं `आर` नाही. फाइल हलवून तिच्यातच थोडा बदल केला, की गिट तिला रीनेम समजतं आणि ती यादीतून गळते. रिफॅक्टरिंगच्या दिवशी, म्हणजे तपासणी सगळ्यात जास्त हवी असते तेव्हाच.

दुसरं भोक आपल्याला जास्त लागू आहे. फाइलीच्या नावात देवनागरी अक्षरं असतील तर गिट ते नाव सरळ छापत नाही. प्रत्येक बाइट `\३४०\२४४` अशा आकड्यांत बदलतं आणि सगळं नाव दुहेरी अवतरणचिन्हांत घालतं. मग ओळीचा शेवट `.जेएस` या विस्ताराने न होता अवतरणचिन्हाने होतो, `$` लावलेला ग्रेप जुळत नाही, आणि फाइल न तपासता पार. मराठी भाषांतरांच्या, ब्लॉगच्या किंवा सरकारी कागदपत्रांच्या रेपोत जिथे फाइलींना सरळ मराठी नावं दिलेली असतात, तिथे हा हुक लावल्या दिवसापासून आंधळा असू शकतो. `गिट -सी कोअर.कोटपाथ=फॉल्स डिफ …` लिहिलं की नावं जशीच्या तशी येतात. त्याहून पक्कं म्हणजे `-झेड` लावून यादी `एक्सआर्ग्ज -०` ला देणं, म्हणजे नावातल्या स्पेसचाही प्रश्न मिटतो. मात्र मग ग्रेप मधून काढा आणि विस्तार गिटलाच सांगा: शेवटी `-- '*.जेएस'`.

तिसरी शक्यता म्हणजे चूक सापडूनही ती गिटला न कळणं. गिट हुकच्या शेवटच्या एक्झिट कोडवर निर्णय घेतं. `एनपीएम टेस्ट` नंतरच्या ओळीत `एको "झालं"` लिहिलं की टेस्ट पडल्या तरी कोड शून्य. लिंटचं आउटपुट `टी` कमांडमधून लॉग फाइलीत वळवलं तर कोड `टी` चा, लिंटचा नव्हे. हुकच्या सुरुवातीला `सेट -ई`, आणि बॅश असेल तर `सेट -ओ पाइपफेल`. मग मुद्दाम चूक असलेली एक फाइल स्टेज करून कमिट करून बघा. हुक बसवल्यावर ही उलटी चाचणी घेणारे फार थोडे.

सीआयसुद्धा वगळता येतं

सर्व्हरवरची तपासणी सुटत नाही, हा समजही अर्धाच खरा आहे. गिटहब ॲक्शन्समध्ये २०२१ पासून कमिट मेसेजमध्ये `[स्किप सीआय]` लिहिलं की पुश आणि पुल रिक्वेस्टवर चालणारे वर्कफ्लो सुटतात. गिटलॅबमध्येही तेच चालतं, वर `गिट पुश -ओ सीआय.स्किप` आहे. यातला सापळा स्क्वॉश मर्जचा, म्हणजे ब्रँचचे सगळे कमिट एकात गोळा करणाऱ्या मर्जचा. ब्रँचवरच्या एखाद्या किरकोळ कमिटमध्ये `[स्किप सीआय]` होतं. स्क्वॉश करताना सगळे मेसेज एकत्र होऊन मेनवरच्या कमिटमध्ये आले. आणि मेनवरचा डिप्लॉय झालाच नाही. मर्ज करण्याआधी तो मेसेजचा डबा वाचायची सवय लावा.

गिटहबवर तपासणी सक्तीची केली असेल, आणि पाथ फिल्टरमुळे किंवा मेसेजमुळे सगळा वर्कफ्लोच सुटला, तर ती "पेंडिंग" राहते आणि मर्ज अडतो. त्रास होतो, पण सुरक्षित आहे. याउलट वर्कफ्लो चालला आणि त्यातला जॉब अटीमुळे सुटला, तर तो "सक्सेस" धरला जातो. बऱ्याच टीम शेवटी एक "सगळं ठीक" नावाचा जॉब ठेवतात, तो बाकीच्यांवर `नीड्स` ने अवलंबून असतो, आणि तेवढाच सक्तीचा करतात. आता टेस्टचा जॉब पडला की हा शेवटचा जॉब सुटतो. सुटला म्हणजे पास. मर्ज बटण हिरवं! त्या जॉबला `इफ: ऑलवेज()` लावा आणि आत प्रत्येक आधीच्या जॉबचा निकाल तपासून, त्यांतला एक जरी यशस्वी नसेल तर हा शेवटचा जॉब मुद्दाम पाडा. गिटलॅबमध्ये मर्जच्या सेटिंगमध्ये "सुटलेली पाइपलाइन यशस्वी धरावी" अशा अर्थाचा पर्याय आहे, तो बंद आहे ना ते बघा.

मग काय कुठे ठेवायचं

माझं मत स्पष्ट आहे: लॅपटॉपवरचा हुक ही सोय आहे, त्याला कुलूप समजू नये. जे मोडलेलं चालणारच नाही ते सर्व्हरवर, सक्तीच्या तपासणीत हवं, आणि ॲडमिनलाही ती ओलांडता येणार नाही अशी सेटिंग हवी. सीआयमध्ये तीच कॉन्फिग पुन्हा चालवा, `प्री-कमिट रन --ऑल-फाइल्स`. स्टेज केलेल्या फाइलींपुरतं बघणारा हुक जे गाळतो ते इथे सापडतं. गेरिट या कोड-रिव्ह्यू सर्व्हरची पद्धत बघण्यासारखी आहे: कमिट-एमएसजी हुक प्रत्येक कमिटला चेंज-आयडी लावतो, आणि तो आयडी सक्तीचा असेल तर नसलेला कमिट सर्व्हर परत पाठवतो. हुक बसवला नसल्याचं पहिल्याच पुशला कळतं.

आणि लोक नो-व्हेरिफाय का मारतात तेही बघा. हुकला पाऊण मिनिट लागत असेल तर अर्धवट काम जपून ठेवायला केलेल्या कमिटवर कोण थांबेल? प्री-कमिटमध्ये फॉर्मॅटिंग आणि स्टेज केलेल्या फाइलींचं लिंट एवढंच ठेवा. टाइप तपासणी प्री-पुशला, टेस्ट सीआयला. एखादीच तपासणी, उदाहरणार्थ मायपाय, आडवी येत असेल तर प्री-कमिट टूलमध्ये `स्किप=मायपाय गिट कमिट` अशी तेवढीच वगळायला शिकवा, म्हणजे बाकीच्या चालू राहतात.

याला एकच अपवाद, तो गुपितांचा. पासवर्ड, टोकन, खासगी की. इथे सीआयने पकडणं म्हणजे उशीर झाला, कारण तोवर ते सर्व्हरवर पोचलेलं असतं. त्यामुळे टोकन शोधणारा हुक लॅपटॉपवर हवाच, आणि जोडीला पुशच्या क्षणी अडवणारी सोयही हवी. गिटहबची पुश प्रोटेक्शन किंवा स्वतःचा सर्व्हर असेल तर त्यावरचा प्री-रिसीव्ह हुक. पुश प्रोटेक्शन कारण देऊन ओलांडता येते, तेव्हा त्या कारणांची यादी अधूनमधून वाचा. आणि तरीही एखादं टोकन बाहेर गेलंच, तर इतिहास पुसत बसण्याआधी ते टोकन रद्द करा, नवं काढा, मग सावकाश कमिट साफ करा.